तुलारामचा होकार

तुलाराम कापगते आमच्या शाळेत चित्रकला शिकवतो, परंतु परिसरात त्याची कीर्ती चित्रकलेसाठी नाही. ती आहे ऐकून घेण्यासाठी. सिहोरा ते बपेरा या पट्ट्यात ज्याला म्हणून काही मनातले सांगायचे असेल, तो तुलारामकडे येतो. पोषण आहार शिजवणारी जनाबाई सुनेचे गाऱ्हाणे त्याला सांगते. विद्यार्थ्यांचे बाप बांधाच्या भांडणाची हकीकत त्याला सांगतात. तो मान किंचित झुकवून बसतो, मधूनमधून "हो ना जी" म्हणतो, क्वचित "बराबर आहे" म्हणतो, आणि सांगणारा हलका होऊन उठतो. सल्ला तो देत नाही. प्रश्नही विचारत नाही. मी अनेकदा वर्गात मुलांना सांगितले आहे की श्रवण ही विद्येची पहिली पायरी आहे, आणि उदाहरण म्हणून कापगते सरांचे नाव घेतले आहे. ते विधान मी आता मागे घेतो.

तो मूळचा साकोली तालुक्यातल्या एकोडीचा. घरी धानाची शेती, चार भाऊ, त्यांपैकी शिकलेला हा एकटा. नोकरी लागली ती आमच्या संस्थेत, म्हणून तो तुमसरला राहायला आला. मी तुमसरचाच. आमची ओळख शाळेत झाली आणि मैत्री रस्त्यावर. आमच्या भागातल्या नोकरदारांना अप-डाउन हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सकाळी तुमसरहून सिहोऱ्यापुढच्या शाळेत जायचे, सायंकाळी परतायचे, आणि एका गाडीवर दोघांनी जायचे. पेट्रोल एक आठवडा त्याचे, एक आठवडा माझे. गाडी मात्र नेहमी तोच चालवी. मी कधी म्हटले की आज तू मागे बस, तर म्हणे, "नाही जी सर, मले मागं बसलं का चक्कर येते." मला त्यात सौजन्य दिसले. शिक्षकांच्या खोलीतही तो कायम डाव्या भिंतीला लागून असलेली कोपऱ्यातली खुर्ची घेई. त्यातही मला नम्रताच दिसली.

मी मागे बसून बोलत असे. मागचा माणूस बोलतो तो पुढच्याच्या डाव्या खांद्यावरून, कारण उजवीकडून ट्रक आणि धूळ येते. तुलारामचे डोके आणि कान दुपट्ट्याने बांधलेले असत, म्हणून मी आवाज चढवून बोले. दहा-अकरा वर्षांत मी त्या खांद्यावर काय काय ठेवले, हे लिहून संपणार नाही. भावांनी घराच्या वाटणीत मला कसे फसवले, ते सांगितले. माझ्या प्रबंधाचा विषय दुसऱ्याने कसा उचलला, ते सांगितले. आई गेली त्या वर्षी मी घरात रडलो नाही, कारण घरात मी मोठा होतो. मी रडलो तो त्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर, आणि पुढून दर थोड्या अंतराने आवाज येत राहिला: "हो ना जी." मला तो आवाज पुरेसा होता. बायकोला न सांगितलेल्या गोष्टी मी या मनुष्याला सांगितल्या आहेत.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेने ते पद माझे होते. त्या सुमारास संस्थेच्या सचिवांनी, ज्यांना आम्ही सगळे दादाजी म्हणतो, मला आपल्या खोलीत बोलावले. आईच्या आजारपणाची विचारपूस केली आणि सहज बोलल्यासारखे म्हणाले, "अशा टायमाले तुमच्या डोक्यावर आनखी वझं कायले, पटले सर?" मी म्हणालो, "दादाजी, पदाबद्दल मला लेखी विचारा, मी लेखी उत्तर देईन." इतकेच बोलणे झाले. खोलीत तिसरा मनुष्य एकच होता. रजेच्या अर्जावर सही घेण्यासाठी आलेला तुलाराम.

पुढे माझ्याहून पुष्कळ कनिष्ठ असलेल्या शिक्षकाला मुख्याध्यापक केले गेले, आणि संस्थेने शिक्षण खात्याला कळवले की पटले यांनी आईच्या आजारपणामुळे पद स्वीकारण्यास तोंडी नकार दिला. मी तक्रार केली. तक्रार करणारा मनुष्य आपल्याकडे भांडकुदळ ठरतो, हे मला ठाऊक आहे, तरीही केली. ज्या दिवशी ती लिहिली त्याच संध्याकाळी, गाडीवर, मी तुलारामला म्हणालो की त्या खोलीतले बोलणे तू ऐकले आहेस, उद्या प्रसंग आला तर तू सांगशील ना, मी तुझे नाव साक्षीदार म्हणून देत आहे. तो म्हणाला, "हो ना जी." मी त्याचे नाव दिले. शाळेत हा विषय काढणे शक्य नव्हते, कारण तिथे दादाजींची माणसे होती. त्याच्या घरी जाऊन बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी गावभर झाले असते. आमच्या दोघांची खासगी जागा एकच होती, तो रस्ता.

नेमका तोच बंद झाला. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे झाले. मी अर्धवट काम करत नाही, म्हणून दोघांसाठीही हनुवटीपर्यंत येणारी, पूर्ण बंद हेल्मेटे घेतली. तेव्हापासून मी मागून बोलायचो आणि माझा आवाज माझ्याच तोंडावर परत यायचा. अशातच सुनावणीची तारीख आली. साक्षीदारास सोबत आणावे, असे पत्रात होते. साक्षीदाराशी तर बोलणेच बंद झाले होते.

म्हणून मी हेल्मेटला लावायच्या ब्लूटूथ इंटरकॉमचा अभ्यास आरंभला. जाहिरातींत सगळा भर अंतरावर असतो. कुणी म्हणतो अर्धा किलोमीटर, कुणी म्हणतो दोन. आमच्या दोघांच्या डोक्यांमधले अंतर वीतभर, तेव्हा तो मुद्दा मी बाद केला. मला पाहायचे होते ते हे: वाऱ्याचा आवाज यंत्र दाबू शकते का, जाण्या-येण्याचा पूर्ण वेळ बॅटरी टिकते का, पाऊस सोसते का, आणि दोन यंत्रे एकमेकांशी एकदा जोडली की रोज नव्याने खटाटोप करावा लागतो का. आणखी एक बाब बहुतेक लोक विसरतात. समोरून उघड्या हेल्मेटला दांडीचा माइक लागतो. आमच्यासारख्या बंद हेल्मेटमध्ये दांडी ओठांवर आपटते, तिथे हनुवटीच्या अस्तराला चिकटणारा, वायरचा छोटा माइक हवा. हे सारे पाहून मी एक जोडी निश्चित केली.

तुलारामने पहिल्या दिवसापासून विरोध केला.

"कायले पायजे जी सर हे यंत्राचं खटलं?"

"बोलायला, तुलाराम."

"शाळेत बोलूनच तं राहिलो ना आपन. आन बॅटरी फुटली कानाजवळ तं? डोकं जड होते ते वेगळं."

"बॅटरी फुटत नाही. खर्च माझा."

"खर्चाचं नाही जी," तो म्हणाला, आणि पुढे काय ते बोलला नाही. खेड्यातला मनुष्य यंत्राला बिचकतो, असे मी समजलो.

तुमसरच्या बसस्थानकाजवळ हेल्मेट आणि सीट कव्हरचे एक दुकान आहे. तिथला अश्विन हा मुलगा हे काम करतो. त्याची पद्धत मला आवडली. त्याने तुलारामच्या हेल्मेटमधल्या गालाच्या गाद्या बटणे उघडून बाहेर काढल्या, आत कानापाशी असलेले गोल खळगे दाखवले आणि म्हणाला, "सर, कंपनी खळगा देते, पन प्रत्येकाचा कान काही तिथंच येत नाही. बोटभर इकडंतिकडं झालं का आवाज गेला. म्हनून मी एक-एक बाजू लावतो." यंत्र त्याने बाहेरच्या कडेला चिकटवले, वायर गादीखालून नेली, डाव्या बाजूचा स्पीकर आत तात्पुरता लावला, उजवा बाहेर काढून आपल्या मुठीत गच्च धरला. मोबाइलवर गाणे लावले आणि हेल्मेट तुलारामच्या डोक्यावर चढवले.

"आला का आवाज, सर?"

"कोनता?"

"गानं जी, गानं लावलं ना."

"नाही बा."

अश्विनने स्पीकर किंचित खाली सरकवला. "आता?" किंचित मागे. "आता?" आवाज पूर्ण चढवला. मी त्याच्या डाव्या बाजूला वाकलो, तर मला त्या हेल्मेटमधून गाणे ऐकू येत होते. तुलाराम डोळे बारीक करून समोरच्या सीट कव्हरांकडे पाहत राहिला. बाकावर बसलेला एक गिऱ्हाईक म्हणाला, "अरे, मास्तरले भजन लाव, हे असलं गानं त्याइले चालत नसन." सगळे हसले. तुलारामही हसला, सगळ्यांच्या नंतर.

अश्विनने हेल्मेट काढून स्वतः घातले आणि लगेच उतरवले. "अरे बाप्पा! माह्या कानात तं ढोल वाजून राहिले." त्याने तुलारामकडे पाहिले. मग त्याने डावा स्पीकर बाहेर काढून मुठीत धरला, उजवा आत लावला आणि हेल्मेट परत चढवले.

"आला! आला जी!" तुलारामचा चेहरा उजळला. "एकदम मस्त येऊन राहिला."

"सर," अश्विन हळूच म्हणाला, "डाव्या कानानं तुमाले आयकूच येत नाही का?"

दुकानात कुणी हसले नाही. तुलारामने हेल्मेट उतरवून मांडीवर ठेवले. "त्या कानाचं काही नाही जी. लहानपनी फुटला होता. तलावात डुबक्या मारून मारून वाहे. मंग बंदच पडला."

"कधीपासून?" मी विचारले.

"चवथी-पाचवीत असन."

अश्विनने काम पुरे केले. माझेही हेल्मेट तयार केले, दोन्ही यंत्रांची बटणे एकत्र दाबून ती जोडून दिली, त्यांचे निळे दिवे लागले. मी ते सर्व पाहत होतो आणि मनात एकेक गोष्ट उचलून तपासत होतो. वाटणी. प्रबंध. आई. सगळे डाव्या खांद्यावरून.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी मुद्दाम त्याच्या उजवीकडे उभा राहिलो.

"मी मागे बसून बोलायचो, त्यातले तुला काय ऐकू यायचे?"

"हवा कमी असली का थोडं थोडं ये जी. गाडी हळू झाली का. ब्रेकरवर चांगलं ये. सिहोऱ्याच्या ब्रेकरवर तं तुमचं सगळं आयकू ये."

"आणि बाकीच्या रस्त्यात 'हो ना जी' कशाला म्हणायचास?"

"मानूस येवढं मनापासून बोलून राहिला तं काही तं म्हनावं लागते ना सर. चूप राहिलो असतो तं तुमालेच वाईट वाटलं असतं."

"मी तुला आईबद्दल सांगत होतो."

"आई गेल्याचं मले मालूम होतं ना जी. मी आलो होतो ना मयतीले."

त्याच्या स्वरात अपराधाची छटाही नव्हती. त्याने मला काही दिले नाही, असे त्याला वाटतच नव्हते. उलट आपण इतकी वर्षे एका माणसाची सोय पाहिली, अशी त्याची समजूत दिसली. मी चहाचा पेला ठेवला आणि साक्षीचे विचारले.

"कोनती साक्ष?"

मी सर्व सांगितले, पहिल्यापासून, उजव्या कानात. तो ऐकता ऐकता पांढरा पडत गेला.

"माहं नाव देऊन बसले तुम्ही? काहून जी?"

"तू हो म्हणालास."

"अवो, मले वाटलं सरकार धानावर बोनस देते ना, तुम्ही त्याचं बोलून राहिले. त्या टायमाले सगळे तेच बोलत."

"ठीक. मग आता सांग. दादाजींच्या खोलीत मी काय म्हणालो, ते तू ऐकले होतेस की नाही?"

त्याने आपला पेला टपरीच्या फळीवर ठेवला. "ते आयकलं जी. बराबर आयकलं. तुम्ही म्हनले, लेखी विचारा, लेखी उत्तर देतो." मग आवाज खाली नेत म्हणाला, "पन सर, उर्वशी आता तिथंच लागली ना."

उर्वशी त्याची मुलगी. संस्थेच्या प्राथमिक शाळेत तिला त्याच वर्षी घेतले होते, आणि ती अजून कायम झालेली नव्हती. हे मला ठाऊक होते. तरीही मी म्हणालो, "तुझ्यावर मी जबरदस्ती करत नाही. पण माझ्याकडे दुसरा कुणी नाही."

"येतो मी," तो म्हणाला. "काय सांगन ते आताच नका विचारू."

सुनावणी भंडाऱ्याला होती. आम्ही त्याच्या गाडीवर निघालो. कापणी होऊन गेली होती, धानाच्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या, त्यांच्या कडेच्या धुऱ्यांवर तूर उभी होती. मी बटण दाबले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला गाडीवर तुलारामचा श्वास ऐकू आला. यंत्राची निवड योग्य होती, एवढे मी निःसंकोच सांगतो. वारा जवळजवळ नाहीसा झाला होता. मी हळू आवाजात बोललो. अधिकारी काय विचारतील ते सांगितले. फार बोलू नकोस, दोनच वाक्ये बोल, जे घडले तेवढेच, असे सांगितले. उर्वशीविषयीही बोललो, म्हणालो की तिच्या नोकरीला काही झाले तर मी त्याविरुद्धही लढेन, आणि ते मी मनापासून म्हणालो होतो. मग विचारले, "ऐकू येते ना?"

"येऊन राहिलं जी. स्पष्ट."

"सांगशील?"

वरठी गाव मागे पडेपर्यंत फक्त श्वास येत राहिला. नंतर तो म्हणाला, "सांगतो सर. जे झालं ते सांगतो."

इतक्या वर्षांत त्याने खरोखर ऐकून मला दिलेला हा पहिला होकार होता. मागचे सगळे 'हो ना जी' मी त्या क्षणी माफ केले. रस्त्याच्या उरलेल्या भागात आम्ही दोघेही बोललो नाही आणि मला ते चांगले वाटले.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई वयाने लहान पण शांत होत्या. दादाजी शाळेची काही माणसे घेऊन आधीच येऊन बसले होते. त्यांनी तुलारामला पाहून "या, मास्तर" म्हटले आणि शेजारची खुर्ची सरकवली. तुलाराम त्या खुर्चीवर बसला नाही, उभाच राहिला. माझे म्हणणे झाले, संस्थेचे झाले. मग बाईंनी विचारले, "कापगते सर, त्या दिवशी तुम्ही खोलीत होतात. पटले सर काय म्हणाले?"

"मॅडम," तुलाराम म्हणाला, "मला एका कानाने ऐकू येत नाही. लहानपणापासून. त्या दिवशी काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही."

जी गोष्ट लपवण्यासाठी या माणसाने आयुष्यभर भिंतीकडेची खुर्ची शोधली, तो कधी गाडीच्या मागे बसला नाही, ती गोष्ट त्याने दहा माणसांत स्वतःहून सांगितली. बाईंचा चेहरा बदलला. "इतकी वर्षे कुणाला बोलला नाहीत?"

"नोकरी जाईल म्हणून भीती वाटे, मॅडम."

दादाजींनी स्वतः उठून त्याला पाण्याचा ग्लास दिला.

मी उभा राहिलो. म्हणालो, "बहिरा कान डावा आहे. त्या खोलीत आम्ही दोघेही यांच्या उजवीकडे होतो. यांच्या डावीकडे कपाट होते."

"पटले सर," दादाजी अत्यंत मृदू आवाजात म्हणाले, "मानूस आपलं दुःख सांगून राहिला, आन तुम्ही त्याच्या बाजू मोजून राहिले?"

बाईंनी मला हाताने बसायची खूण केली. तरी त्या न्यायी होत्या, हे मी नाकारत नाही. त्या आपली खुर्ची सोडून टेबलाला वळसा घालून तुलारामच्या उजव्या बाजूला आल्या, जवळ उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "सर, नीट आठवून सांगा. पटले सरांनी पद नको म्हटल्याचे, किंवा हवे म्हटल्याचे, काहीही तुमच्या कानावर आले होते का?"

त्याने त्यांचा प्रत्येक शब्द ऐकला. मी त्याच्या डोळ्यांत पाहत होतो.

"नाही, मॅडम," तो म्हणाला.

साक्षीअभावी तक्रार निकाली निघाली. बाहेर पडल्यावर शाळेची चार माणसे तुलारामभोवती जमली. एकाने खांद्यावर हात ठेवला, दुसरा म्हणाला, "मास्तर, नागपूरले चांगले डॉक्टर आहेत, दाखवून घ्या." ती पांगल्यावर तो गाडीपाशी आला. मी तिथेच उभा होतो.

"तुलाराम, दादाजी त्या दिवशी तुझ्या कोणत्या बाजूला बसले होते?"

"उजव्याच बाजूले होते जी," तो म्हणाला. लगेच म्हणाला, अडखळला नाही. माझ्याशी खोटे बोलण्याची त्याला गरजच उरली नव्हती. "पोरगी कायम होऊ द्या सर. मंग तुम्ही म्हनान तिथं येतो."

मग त्याने गाडी सुरू केली आणि मागची सीट हाताने झटकली. "बसता ना?"

मी बसस्थानकाकडे चालत निघालो. आता मी एसटीने जातो. शिक्षकांच्या खोलीत सगळे आवर्जून त्याच्या उजव्या बाजूला येऊन बोलतात, आणि पूर्वीपेक्षा अधिक लोक येतात. मी अपील दाखल केले आहे. त्यात साक्षीदार कुणीही नाही.